गुलाबी डुकराचा मालक

आमच्या गावात कायदा करावा तो मीच! हे मी फुशारकीनं सांगत नाही, जे आहे ते सांगतो. सवाई बेटाच्या ह्या किनाऱ्यावर बोलण्यात ताउमाताचा हात धरणारा दुसरा वक्ता नाही, आणि ताउमाता म्हणजे मी. हातात लांब काठी घेऊन आणि खांद्यावर काथ्याचा झुपका टाकून मी मैदानात उभा राहिलो की समुद्रसुद्धा आवाज कमी करतो, असं माझी आई म्हणायची. माझी बायको सोसेफिना म्हणते, समुद्र काही आवाज कमी करत नाही, लोकांना डुलकी लागलेली असते. बायकांना वक्तृत्वातलं फारसं कळत नाही.

तर कायदा डुकरांचा. आमच्याकडे डुकरं मोकळी हिंडतात आणि माणसं कुंपणात राहतात. त्या मोकळ्या डुकरांतली निम्मी लिओतानाची. लिओताना माझ्यासारखाच एका घराण्याचा मताई, म्हणजे घराण्याच्या वतीनं गावसभेत बसणारा प्रमुख. वयानं माझ्याहून मोठा आणि बोलायला अगदी कमी. त्याची ती काळी, हाडकी, लांबतोंडी डुकरं रोज सकाळी माझ्या अळूच्या मळ्यात न्याहारीला यायची. मी तक्रार केली की लिओताना शांतपणे म्हणायचा, "तुझा अळू चांगला असतो रे."

म्हणून मी गावसभेत कायदा मांडला. ज्याचं डुक्कर मोकाट सापडेल त्यानं सभेला मासळीच्या डब्यांची दोन खोकी द्यायची. तेच डुक्कर पुन्हा सापडलं तर ते थेट उमूत, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीत जायचं आणि सगळ्या सभेनं बसून खायचं. पहिल्या भागावर थोडी कुरकुर झाली. दुसऱ्या भागावर कुणाचीच हरकत नव्हती, उलट दोघांनी विचारलं की पहिला भाग हवाच कशाला. मी त्या दिवशी जे बोललो ते बोललो! आपले पूर्वज, आपली जमीन, आपल्या लेकरांच्या तोंडचा घास, असं सगळं त्यात आलं. लिओतानानं सगळ्यात आधी मान डोलावली. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडेही एक डुक्कर होतं.

ते माझं नव्हे, सोसेफिनाचं. पिल्लू असल्यापासून तिनं ते खोबरं भरवून वाढवलं होतं. गावातली बाकी सगळी डुकरं काळी, हे एकटंच गुलाबी. उन्हात लाल व्हायचं, पापण्या पांढऱ्या, चालणं रुबाबदार. म्हणून तिनं त्याचं नाव पालागी ठेवलं, आमच्याकडे गोऱ्या साहेबाला म्हणतात तेच. पालागी आमच्या दोघांपेक्षा चांगलं जेवायचा. कारण शेजारच्या गावात येत्या शनिवारी सोसेफिनाच्या भावाला मताईपद मिळणार होतं, आणि त्या सोहळ्यात बहिणीच्या नावानं हे डुक्कर सगळ्यांसमोर मांडलं जायचं होतं. कुणी काय आणलं ते तिथं मोठ्यानं पुकारतात. धाकट्या भावजयीनं म्हणे मध्यम आकाराचं डुक्कर आणायचं ठरवलं होतं. सोसेफिनाला पालागी न्यायचा होता आणि भावजयीचं तोंड बघायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून माहेरी मान ताठ करून जायची अशी संधी तिला मिळाली नव्हती, आणि त्याला कारण बहुतेक मीच होतो.

सोहळ्यासाठी चटया विणायला ती माहेरी गेली तेव्हा निघताना मला म्हणाली, "घर जळालं तरी चालेल, पालागीला काही होता कामा नये." मी म्हटलं, काळजी करू नको. ती म्हणाली, काळजी तुझीच वाटते.

ती गेली आणि महिला समितीच्या तपासणीचा निरोप आला. ह्या बायका गावभर फिरून कुणाचं अंगण कसं आहे ते बघतात आणि नंतर चर्चमधून बाहेर पडताना ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलतात. आता कायदा करणाऱ्याचं अंगण कसं दिसायला हवं? मी समोर काळ्या दगडांची छान भिंत घातली. दगड आणणार कुठून? डुकराच्या वाड्याच्या मागच्या बाजूचे घेतले. मागची बाजू कोण बघतो!

मागची बाजू पालागीनं बघितली. त्याच संध्याकाळी तो मला रस्त्यावर भेटला. माझ्या नशिबानं दुसरं कुणी नव्हतं. घरी आणून बांधला तर जेवेना. सोसेफिनानं बजावलं होतं की त्याला बांधायचं नाही, बांधलं की खात नाही आणि वाळतो. दगड परत मागे न्यावेत तर पुढची भिंत जाते आणि तपासणी तर उद्यावर आलेली. मी उमूच्या कडेला बसून विचार करत होतो, तेवढ्यात माझ्या हाताला काजळी लागली आणि डोक्यात उजेड पडला!

गावातली काळी डुकरं कुणाची? लिओतानाची. मग पालागी काळा असेल तर? सुटला, कुणाला दिसला, तरी कोण म्हणेल की ताउमाताचा आहे? डोकं असावं तर असं!

करवंटीची काजळी आणि खोबरेल तेल एकत्र करून मी पालागीला नखशिखांत माखला. त्यालाही ते आवडलं असावं, मधे एकदा उताणा झाला. काळा झाल्यावर तो इतका देखणा दिसायला लागला की सोसेफिना आल्यावर तिला दाखवावा असं क्षणभर मनात आलं. मग आठवलं की दाखवायचा नाहीये.

सकाळी उठलो तर वाडा रिकामा. मी धावत मैदानात गेलो तर गावची तरणी मुलं सभेच्या घरासमोर फणसाच्या झाडाखाली एक भलंमोठं काळं डुक्कर बांधून उभी होती. महिला समितीच्या भाजीच्या वाफ्यात सापडलं म्हणे. वाफ्यात आता काही शिल्लक नव्हतं. सगळी सभा जमलेली, समितीच्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि कुणाच्याही मनात शंका नाही. काळं डुक्कर, म्हणजे लिओतानाचं.

लिओतानाला बोलावलं. तो आला आणि डुकराभोवती एक फेरी मारली. मग त्यानं पालागीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझी लुंगी काल रात्रीचीच होती आणि तिच्यावर माझ्या दहाही बोटांचे ठसे होते. मी हात मागे घेतले. लिओतानानं बोट झाडाला पुसलं.

"माझंच आहे," तो म्हणाला. "किती वाढलंय! माझं लक्षच नसतं. मी दोषी आहे."

आता आमच्याकडची रीत अशी की सभेचा निर्णय वक्त्यानं काठी हातात घेऊन मैदानात जाहीर करायचा. वक्ता कोण? मी. काठी हातात असताना बोललेला शब्द माणूस परत घेत नाही, त्याचा मुलगा आणि नातूही घेत नाही. वडीलधाऱ्यांनी मला खूण केली. मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण एका वाक्यात संपलं. "हे डुक्कर लिओतानाचं आहे," मी म्हणालो. माझ्याच तोंडून, सगळ्या गावासमोर!

लिओतानानं मासळीची दोन खोकी तिथंच मागवून सभेपुढे ठेवली आणि दोरी धरून गावातलं सगळ्यात मोठं डुक्कर घरी नेलं. जाताना पालागीनं एकदा मागे वळून बघितलं. मला गलबलून आलं, पण हातात काठी होती.

संध्याकाळी मी गुपचूप त्याच्याकडे गेलो आणि आडून आडून विषय काढला. त्यानं मला कोको दिला. मी म्हटलं, ते डुक्कर तुझ्या बाकीच्या डुकरांपेक्षा वेगळं नाही का वाटत? तो म्हणाला, वाटतं खरं. मग थोडा वेळ कोको प्यायला. "पण तू काठी हातात घेऊन सांगितलंस," तो म्हणाला. "मी कोण तुझा शब्द खोटा ठरवणारा?"

दुसऱ्या दिवशी सोसेफिना परतली. मी सांगितलं, पालागीला वर डोंगरात चुलतभावाच्या मळ्यावर ठेवलाय, तिथं नारळ जास्त. ती बरं म्हणाली. माझी बायको इतक्या सहज बरं म्हणाली, तेव्हाही मला शंका यायला हवी होती. पण मी शंका येणाऱ्यांतला माणूस नाही.

इकडे लिओतानानं नवीन उद्योग सुरू केला. तो रोज सकाळी डुकराला समुद्रात नेऊन अंघोळ घालायचा, सगळ्या गावासमोर. पहिल्या दिवशी डुक्कर काळ्याचं राखाडी झालं. मग एक कान गुलाबी झाला. मग पाठीवर मोठं गुलाबी ठिगळ. लोक बघायचे, थांबायचे आणि पुढे जायचे. मी जाहीर केलं होतं ना की लिओतानाचं आहे! म्हणून दुकानदार त्याला म्हणाला, तुमच्या डुकराला समुद्राचं पाणी मानवतंय. पाद्रीबाबा म्हणाले, देवाची लीला. समितीच्या अध्यक्षीणबाई तर माझ्याकडे बघून म्हणाल्या की लिओतानाच्या आईच्या बाजूला असा रंग होता असं ऐकलंय. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, वक्त्याचा शब्द म्हणजे शब्द.

गुरुवारी संध्याकाळी सोसेफिना खोबऱ्याची पाटी घेऊन निघाली. मी विचारलं कुठे. म्हणाली, लिओतानाकडे.

"त्यांच्याकडे एक डुक्कर आहे, अगदी आपल्या पालागीसारखं," ती म्हणाली. "मला माया वाटते. जाते, भरवून येते."

"सगळी डुकरं सारखीच दिसतात," मी म्हणालो.

"नवरेही," ती म्हणाली आणि गेली.

मी समजलो. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. उशिरा परत आली, भावाच्या सोहळ्यासाठी काढून ठेवलेला चांगला झगा तिनं उलगडून पाहिला, पुन्हा घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून झोपली. तो झगा वर ठेवला असता तर मीही झोपलो असतो.

आता एकच उपाय उरला होता, इफोगा. आमच्याकडे माणसाच्या हातून अक्षम्य गुन्हा घडला की तो पहाटे ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जाऊन बसतो, डोक्यावरून घराण्याची मौल्यवान चटई पांघरतो आणि मान खाली घालून गप्प राहतो. आतल्या माणसानं येऊन चटई उचलली की क्षमा. नाही उचलली तर बाहेर जमलेले लोक काय करतील ते करतील. हे खून झाल्यावर करतात. डुकरासाठी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण मी म्हटलं, लिओताना जुन्या वळणाचा माणूस, दारात चटई बघून विरघळेल. शिवाय तिथं बोलायचं नसतं, म्हणजे माझ्याकडून नवीन चूक होणार नाही.

शुक्रवारी तांबडं फुटायच्या आत मी गादीखालून आईची जुनी चटई काढली. रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसांची झालर. लिओतानाच्या दारात जाऊन बसलो आणि डोक्यावरून ओढून घेतली. आत सामसूम होती. मला काय ठाऊक की लिओताना त्याच्याही आधी उठून होडी घेऊन मासे मारायला गेलाय!

पहिली उठली ती त्याची बायको. तिनं दारात चटई पाहिली. मग घरात नवऱ्याला हाक मारली. मग परसात मारली. मग पुन्हा चटईकडे पाहिलं आणि तिनं जो टाहो फोडला तो शेजारच्या गावात ऐकू गेला असणार.

चटईखाली माणसाला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. पळापळ सुरू झाली. कुणीतरी विचारलं, खाली कोण आहे. पाय बघून कुणीतरी सांगितलं, ताउमाता. मग अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या की ह्या दोघांचं डुकरावरून काहीतरी चाललं होतं खरं. झालं! बायका रडायला लागल्या. पाद्रीबाबांनी येऊन प्रार्थना सुरू केली, आणि त्यात लिओतानाबद्दल इतकं चांगलं बोलले की मलाही वाईट वाटलं. दुकान बंद झालं. बस थांबली आणि ड्रायव्हर सगळ्या उतारूंसह खाली उतरला. लिओतानाच्या पुतण्यांचे आवाज जवळ आले, ते दगडांबद्दल बोलत होते. कुठले दगड चांगले, माझ्या नव्या भिंतीचे आणावेत का, असं. मी ओरडून सांगू शकलो असतो की अरे, तो जिवंत आहे. पण तो जिवंत आहे की नाही हे मला तरी कुठं ठाऊक होतं? आणि इफोगात बोलायचं नसतं.

तेवढ्यात परसातल्या डुकराच्या वाड्याकडून धडाधड दगड पडल्याचा आवाज आला, लोक बाजूला झाले आणि माझ्या चटईच्या कडेला काहीतरी ओलं लागलं. एक नाक आत आलं. मग डोकं. पालागीनं मला ओळखलं! तो माझ्या शेजारी अंग टाकून बसला, समाधानानं हुंकारला आणि माझ्या आईच्या चटईची लाल पिसं खायला लागला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मी रडलो. सगळ्या गावात त्या घटकेला माझ्या बाजूनं तो एकटाच होता.

असे किती वेळ बसलो होतो देव जाणे. मग रडण्याच्या मधे मला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. कोण गेलं, असं तो विचारत होता. कुणीतरी हुंदका देत म्हणालं, "लिओताना गेला हो."

"कधी?" लिओतानानं विचारलं.

त्याच्या बायकोनं त्याला आधी मिठी मारली आणि मग न सांगता मासे मारायला गेल्याबद्दल हाणलं. मग त्यानं येऊन चटई उचलली. समोर सगळं गाव, वर सूर्य, आणि खाली मी आणि एक गुलाबी डुक्कर. मी सगळं सांगून टाकलं. दगड, काजळी, तेल, काठी, सगळं. बसच्या ड्रायव्हरनं काही भाग पुन्हा सांगायला लावला.

सभा तिथंच बसली. माझी काठी काढून घेण्याचा ठराव वाऱ्याच्या वेगानं झाला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी बोलायचं नाही, पोरांबरोबर उमूवर काम करायचं. मग एका मताईनं घसा खाकरून आठवण करून दिली की हे डुक्कर आज दुसऱ्यांदा मोकाट सापडलंय. कायद्याप्रमाणे उमू. सगळ्यांनी पालागीकडे पाहिलं, आणि ते बघणं मला मुळीच आवडलं नाही. गर्दीच्या मागे सोसेफिना उभी होती. उद्या शनिवार.

लिओताना सावकाश उठला.

"मोकाट म्हणजे मालकाला सोडून हिंडणारं," तो म्हणाला. "हे तर मालकाच्या मांडीला टेकून बसलं होतं. सगळ्यांनी पाहिलंय. डुक्कर ताउमाताच्या घरचं आहे, सोसेफिनाचं आहे. उद्या ते तिच्या भावाकडे जाईल. तिथं ते पुकारायला वक्ता उरला नसेल तर मी पुकारेन."

सभेला पटलं. थोडं नाखुशीनं, पण पटलं. सोसेफिनानं तोंडावर हात धरला. मी उठून लिओतानाच्या पाया पडणार होतो, पण पालागी माझ्या लुंगीवर बसला होता. वडीलधारे म्हणाले, मग विषय संपला. सोसेफिना वळली आणि दुकानाकडे गेली. मला वाटलं, आनंदानं रडायला गेली असेल. थोड्या वेळानं ती आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर मासळीच्या डब्यांची दोन खोकी होती. ती तिनं सभेपुढे ठेवली आणि पदर खोचल्यासारखी ताठ उभी राहिली.

"मोकाट जनावराचा दंड," ती म्हणाली.

वडीलधाऱ्यांनी तिला समजावलं की बाई, डुकराचा दंड लिओतानानं त्याच दिवशी भरलाय, तू परत कशाला भरतेस.

"डुकरानं काही केलेलं नाही," सोसेफिना म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा माझा आहे."

सभेनं ह्यावर गंभीरपणे विचार केला, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच कमी वेळ. मग खोकी आत घेतली.